सनद क्रमांक १ : एका सैनिकाचं शेत आणि त्याचं घराणं

२० जानेवारी १८६८. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक नावाचे दोन शेतकरी सरकारी अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगतात की, डॅनियल फ्रीमनला आम्ही पाच वर्षांहून अधिक काळ ओळखतो. तो कुटुंबप्रमुख आहे, घरात बायको आणि दोन मुलं आहेत. त्याने १४ बाय २० फुटांचं एकमजली घर बांधलंय, अर्धं ओंडक्यांचं, अर्धं फळ्यांचं. दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे ३५ एकर जमीन नांगरून, कुंपण घालून लागवडीखाली आणलीय. एक तबेला, मेंढ्यांसाठी १०० फूट लांब गोठा, मक्याचं कोठार, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची जवळजवळ ४००.

आणि मग एक वाक्य येतं. या जमिनीवर हक्क सांगू शकेल असं दुसरं कुणीही इथे राहत नाही.

या जबानीच्या जोरावर फ्रीमनला १६० एकर जमीन मिळाली. १८६९ मध्ये तिची सनद निघाली. तिचा क्रमांक १. अमेरिकन सरकारने होमस्टेड कायद्याखाली पुढे जी सुमारे १६ लाख शेतं वाटली, त्या भल्यामोठ्या यादीचं हे पहिलं पान. म्हणून फ्रीमन ‘पहिला होमस्टेडर’ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याच्या शेताचं राष्ट्रीय स्मारक झालं आणि आजही शाळेच्या सहली तिथे जातात.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. दिवसभर टेबलं आणि रकाने बघणं हेच माझं काम. त्यामुळे ही जबानी वाचताना मला सवयीने प्रश्न पडला की, या टेबलात कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत? पीचची झाडं मोजायला रकाना आहे. खिडक्या मोजायला आहे. पण हे कुटुंब एकत्र कसं आलं, त्याला रकाना नाही. आणि या जमिनीवर आधी कोण होतं, त्यालाही नाही. फ्रीमन घराण्याचा खरा इतिहास या दोन न बनवलेल्या रकान्यांत आहे.

मध्यरात्रीची गोष्ट

आधी कायदा समजून घेऊ. उत्तर अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्यांना पश्चिमेकडची सरकारी जमीन फुकट हवी होती. दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांना ते नको होतं, कारण लहान-लहान शेतांच्या प्रदेशात गुलामगिरी रुजत नाही. १८६० मध्ये असा कायदा संसदेत मंजूर झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुकॅनन यांनी तो नाकारला. पुढच्या वर्षी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, यादवी युद्ध पेटलं आणि संसदेत विरोध करायला कुणी उरलंच नाही. २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी सही केली. अंमल १ जानेवारी १८६३ पासून.

अटी सोप्या होत्या. वय २१ किंवा कुटुंबप्रमुख. अमेरिकेचे नागरिक, किंवा नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला. अमेरिकेविरुद्ध कधी शस्त्र उचललेलं नको. सगळी मिळून १८ डॉलर फी. पाच वर्षं जमिनीवर राहा, घर बांधा, पीक घ्या, जमीन तुमची.

आता फ्रीमन. जन्म १८२६, ओहायो राज्यात. पुढे इलिनॉयमध्ये डॉक्टरकी करायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा तो उत्तरेच्या बाजूचा होता. त्याने पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्ट अशी : १८६२ च्या शेवटच्या दिवशी तो सैन्याच्या कामावरून थोडी सवड काढून मिझुरी नदीकाठच्या ब्राउनव्हिल गावात आला होता. तिथे जमीन कचेरी होती. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि त्याला तर तातडीने कामावर हजर व्हायचं होतं. गावात नववर्षाचा नाच चालू होता. तिथे त्याने आपली अडचण सांगितली. कचेरीतल्या माणसाला दया आली आणि मध्यरात्र उलटताच दार उघडून त्याचा अर्ज लिहून घेतला गेला.

सिनेमात शोभावी अशी गोष्ट आहे. पण ‘पहिला’ या शब्दावर जरा थांबू. त्या दिवशी देशातल्या इतर जमीन कचेऱ्यांतही अर्ज दाखल झाले. आणि १८६३ मध्ये अमेरिकेत प्रमाणवेळ नव्हतीच. रेल्वे कंपन्यांनी ती आणली १८८३ मध्ये. तोवर प्रत्येक गावाची मध्यरात्र आपापली. ब्राउनव्हिलच्या पूर्वेला, विस्कॉन्सिन किंवा मिशिगनमध्ये, १ जानेवारी आधीच उजाडलेला असणार. टाइमझोन नसलेल्या टाइमस्टॅम्पवरून पहिला नंबर काढायचा नसतो, हे कुठलाही ज्युनियर डेव्हलपर सांगेल.

मग फ्रीमन पहिला कशात? कागदात. त्याची कागदपत्रं वेळेत, नीट पूर्ण झाली आणि पहिला क्रमांक त्यांना पडला. ही काही छोटी गोष्ट नाही. अर्ज करणं सोपं होतं, पाच वर्षं टिकणं कठीण. दुष्काळ, टोळधाड, कर्ज यांनी असंख्य लोक मध्येच जमीन सोडून गेले. फ्रीमन टिकला. पण त्याच १ जानेवारी १८६३ ला आणखी एक कागद अंमलात आला होता, लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा. एकाच दिवशी एका कागदाने माणसं मोकळी केली आणि दुसऱ्याने जमीन. मोकळ्या झालेल्या माणसांना मात्र नागरिकत्व मिळायला १८६६ चा नागरी हक्क कायदा आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यावी लागली.

उलटा टी

फ्रीमनच्या जमिनीचा पत्ता वाचला तर कोड वाचल्यासारखं वाटतं : टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, सेक्शन २६, त्यातले अमुक-अमुक चतकोर. १७८५ पासून अमेरिकेने आपली सरकारी जमीन अशीच चौकटीत मोजली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन. प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, म्हणजे एक चौरस मैल. त्याचा पाव हिस्सा १६० एकर, आणि त्याचाही पाव ४० एकर. विमानातून अमेरिकेचा मध्यभाग बघितला तर जी बुद्धिबळाच्या पटासारखी शेतं दिसतात, ती याच मोजणीची.

बहुतेक लोक सरळ १६० एकरांचा चौरस घेत. फ्रीमनने तसं केलं नाही. त्याने ४०-४० एकरांचे चार तुकडे निवडले : तीन एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर. नकाशावर हा इंग्रजी टी उलटा ठेवल्यासारखा दिसतो. असं का? कारण तिथून कब नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या काठाला पाणी आहे आणि झाडं आहेत. गवताळ माळावर लाकूड सोन्यासारखं. घराला लाकूड, चुलीला लाकूड, कुंपणाला लाकूड. सरकारने सरळ रेषा आखल्या होत्या, पण त्या रेषांच्या आत राहून फ्रीमनने ओढ्याचं वळण पकडलं. माणूस हुशार होता यात शंका नाही.

स्मारकाच्या हद्दीत आजही हा उलटा टी ओळखू येतो.

पत्रातून जमलेलं लग्न

आता पहिला न बनवलेला रकाना. जबानीत लिहिलंय, ‘बायको आणि दोन मुलं’. या चार शब्दांमागे बरंच काही आहे.

फ्रीमनची पहिली बायको एलिझाबेथ १८६१ मध्ये वारली. तिची मुलं होती. जबानीत तिचं नाव नाही, तिच्या मुलांचा वेगळा उल्लेखही नाही. असायचं कारणही नव्हतं, कारण कचेरीला ते विचारायचंच नव्हतं.

डॅनियलला जेम्स नावाचा भाऊ होता. जेम्सचं लग्न आयोवा राज्यातल्या लेक्लेअर गावच्या अ‍ॅग्नेस सूटर या तरुणीशी ठरलेलं होतं. जेम्स युद्धात मारला गेला. त्यानंतर डॅनियल आणि अ‍ॅग्नेस एकमेकांना पत्रं लिहू लागले. पत्रातूनच त्याने तिला मागणी घातली. ती हो म्हणाली. फेब्रुवारी १८६५ मध्ये, युद्ध संपायला दोनच महिने उरले असताना, त्यांचं लग्न झालं आणि ती नेब्रास्कात आली.

विचार करा. एका बाजूला बायको गेलेला, चाळिशीकडे झुकलेला सैनिक. दुसऱ्या बाजूला होणारा नवरा युद्धात गमावलेली मुलगी. मधला दुवा म्हणजे एक मेलेला माणूस, एकाचा भाऊ आणि दुसरीचा वाग्दत्त वर. त्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, म्हणून आपण वाचतो. पण तो आकडा घरोघरी कसा उतरला, हे अशा लग्नांतून कळतं. कुणीतरी गेलं, आणि जे उरले त्यांनी उरलेल्यांशी संसार जोडले. राष्ट्रीय स्मारक झालेलं हे शेत एका अर्थी जेम्सच्या जाण्यातून वसलं. सनदेवर त्याचं नाव नाही.

अ‍ॅग्नेसचंही नाही. होमस्टेड कायदा तसा त्या काळाच्या मानाने उदार होता. अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटित बाई स्वतःच्या नावाने जमीन घेऊ शकत होती, आणि हजारो बायकांनी घेतलीही. पण नवरा नांदता असला की कुटुंबप्रमुख तोच. म्हणजे अ‍ॅग्नेस लेक्लेअरहून एकटी येती तर तिला स्वतःचे १६० एकर मागता आले असते. ती लग्न करून आली, तर ती ‘बायको’ या शब्दात मावली.

आणखी एक गंमत. पाच वर्षांचा हिशोब धरला होता १ जानेवारी १८६३ पासून. अ‍ॅग्नेस आली १८६५ मध्ये. म्हणजे ज्या काळाची नोंद सनदेला आधार ठरली, त्यातली पहिली दोन वर्षं तिच्याविना गेलेली आणि युद्धाची होती. पुढे १८७२ मध्ये सरकारने वेगळा कायदा करून सैनिकांना नोकरीचा काळ या पाच वर्षांत धरायची सवलत दिली. सैनिक आणि जमीन यांचं नातं अमेरिकेत जुनंच. आधीच्या युद्धांतल्या शिपायांनाही जमिनीचे हक्कपत्र दिले जात. पगार कमी आणि तिजोरीत पैसा नाही, तर जमीन द्या. ती सरकारकडे भरपूर होती.

आता विचारायला हवं की, ती सरकारकडे आली कुठून?

दुसरा रकाना

‘इथे दुसरं कुणीही राहत नाही’ असं ग्राफ आणि किलपॅट्रिक म्हणाले ते खोटं नव्हतं. त्या उलट्या टीमध्ये खरंच दुसरं कुणी घर करून नव्हतं. पण फ्रीमनचं शेत ज्या गेज कौंटीत आहे, त्याच कौंटीच्या दक्षिण टोकाला, बिग ब्लू नदीकाठी, ओटो-मिझुरिया लोकांचं गाव होतं.

ओटो आणि मिझुरिया या दोन जवळच्या जमाती. पूर्व नेब्रास्कात मका पिकवायच्या आणि रानगव्यांच्या शिकारीला जायच्या. ‘नेब्रास्का’ हे नावच मूळ ओटो भाषेतलं, अर्थ ‘सपाट पाणी’. प्लॅट नावाच्या उथळ, पसरट नदीला ते असं म्हणत. १८५४ मध्ये अमेरिकन सरकारने तहावर त्यांच्या सह्या घेतल्या. त्यांनी बहुतेक सगळी जमीन सोडायची आणि बिग ब्लूच्या काठी दहा मैल रुंद, २५ मैल लांब पट्ट्यात राहायचं. म्हणजे साधारण १ लाख ६० हजार एकर. त्याच वर्षी नेब्रास्का प्रदेश वसाहतीसाठी खुला झाला. फ्रीमनने ब्राउनव्हिलच्या कचेरीत अर्ज लिहिला तेव्हा या गोष्टीला नऊ वर्षंसुद्धा झाली नव्हती.

तेवढ्यावरही थांबलं नाही. आजूबाजूला शेतं वाढली तशी त्या पट्ट्याकडे नजर गेली. १८७० च्या दशकात संसदेने तो पट्टा विकायची परवानगी देणारे कायदे केले, आधी काही भाग, मग उरलेलाही. १८८१ मध्ये ओटो-मिझुरिया लोकांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमा राज्यात हलवलं गेलं. त्यांची जमात आजही तिथे, रेड रॉक गावाच्या आसपास आहे. जिथे त्यांचं जुनं गाव होतं, तिथे आज बार्नस्टन नावाचं गाव आहे.

तारखा शेजारी ठेवून बघा. फ्रीमनचा अर्ज १८६३, सनद १८६९. त्याची मुलं त्या शेतावर वाढत होती तेव्हा, १८८१ मध्ये, त्याच कौंटीतून ओटो-मिझुरियांची मुलं आईबापांबरोबर निघाली. दोन्ही कुटुंबांचे कागद एकाच सरकारचे. एकाला जमीन देणारा, दुसऱ्याकडून ती घेणारा.

आणि होमस्टेड कायदा ओटोंना लागू नव्हता का? नागरिक हवा, ही पहिली अट. मूळनिवासी जमातींच्या बहुतेक लोकांना तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व नव्हतं. ते सरसकट मिळालं १९२४ मध्ये. जर्मनीहून किंवा स्वीडनहून कालच बोटीतून उतरलेला माणूस नागरिक व्हायचा इरादा जाहीर करून १६० एकर मागू शकत होता. ज्यांच्या भाषेतून राज्याचं नाव आलं, ते मागू शकत नव्हते.

फ्रीमनने यातलं काही केलं का? नाही. तो काही तहावर सही घ्यायला गेला नव्हता. त्याने नियम वाचले, अर्ज केला, झाडं लावली. व्यवस्था अशीच चालते. अन्याय वरच्या फाइलीत होऊन गेलेला असतो, आणि खालच्या फाइलीतला माणूस प्रामाणिकपणे आपला फॉर्म भरतो.

म्हाताऱ्याचा खटला

इथे थांबलो तर फ्रीमनवर अन्याय होईल, कारण त्याने एक फॉर्म भरायला नकारही दिला होता.

फ्रीमनच्या शेताजवळ विटांची एक खोलीची शाळा होती, १८७२ मध्ये बांधलेली. नेब्रास्कात प्रत्येक टाउनशिपमधले सेक्शन १६ आणि ३६ शाळांसाठी राखलेले असत. ज्या चौकटीने फ्रीमनला सेक्शन २६ दिला, तिनेच शाळांनाही जमीन ठेवली होती. १८९९ मध्ये त्याच्या लक्षात आलं की, या शाळेत एडिथ बीचर या शिक्षिका मुलांना बायबल वाचून दाखवतात, प्रार्थना आणि भजनं म्हणून घेतात. त्याने हरकत घेतली. शाळा समितीने शिक्षिकेची बाजू घेतली. फ्रीमन कोर्टात गेला. खालच्या कोर्टात हरला. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता, तरी वर गेला.

ऑक्टोबर १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फ्रीमन विरुद्ध शीव्ह’ या खटल्यात त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारी शाळेत एका पंथाची उपासना चालवणं राज्यघटनेत बसत नाही. पुढच्या वर्षी न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की, बायबल हे पुस्तक शाळेत वापरायला सरसकट बंदी नाही, उपासना म्हणून ते वाचून घेणं चूक. सगळ्या अमेरिकेसाठी साधारण हीच भूमिका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घेतली ती १९६३ मध्ये, साठ वर्षांनी.

मला या खटल्यातला फ्रीमन सनदेतल्या फ्रीमनपेक्षा मोठा वाटतो. सगळे शेजारी एकीकडे आणि हा म्हातारा एकीकडे. सार्वजनिक पैशावर चालणारी शाळा तिथल्या प्रत्येक मुलाची आहे, बहुसंख्यांच्या सोयीने ती चालवता येणार नाही, एवढंच तो म्हणत होता. जो रकाना कचेरीने बनवला नाही, तो बनवायला लावला. म्हणजे हे करता येतं.

हेच तत्त्व एक पाऊल पुढे नेलं, तर ते जमिनीलाही लागू पडतं. सार्वजनिक जमीन तिथल्या प्रत्येकाची असेल, तर ‘प्रत्येक’ कोण? ते पाऊल त्या पिढीने टाकलं नाही. तिच्या मोठेपणाला ही मर्यादा आहे.

आज तिथे काय आहे

डॅनियल फ्रीमन डिसेंबर १९०८ मध्ये वारला. अ‍ॅग्नेस आणखी २२ वर्षं जगली, १९३१ मध्ये गेली. सनदेत नाव नसलेली ही बाई त्या मातीवर सनदवाल्यापेक्षा जास्त काळ राहिली. १९३६ मध्ये संसदेने त्या शेताला राष्ट्रीय स्मारक ठरवलं आणि नंतर वारसांकडून ती जमीन विकत घेतली. १८ डॉलर फी घेऊन दिलेली जमीन सरकारने पैसे मोजून परत घेतली.

फ्रीमनचं १४ बाय २० फुटांचं घर आता नाही. बघायला ठेवलंय ते १८६७ चं ओंडक्यांचं घर दुसऱ्याच एका कुटुंबाचं, जवळपासून उचलून आणलेलं. नांगरलेल्या बऱ्याच जमिनीवर पुन्हा मुळचं उंच गवत लावलंय, ओटो लोकांच्या काळात होतं तसं. शाळेची इमारत आहे, १९६७ पर्यंत तिथे वर्ग भरत होते.

होमस्टेड कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालला. शेवटची सनद १९८८ मध्ये अलास्कातल्या एका माणसाला मिळाली. तोही सैनिक होता, व्हिएतनाम युद्धातून परतलेला. पहिल्या आणि शेवटच्या सनदेमध्ये जवळजवळ एकशेवीस वर्षांचं अंतर आणि २७ कोटी एकर जमीन. देशाच्या एकूण जमिनीचा साधारण दहावा हिस्सा.

हे सगळे जमिनीचे कागद अमेरिकन सरकारने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. राज्य, टाउनशिप, रेंज, सेक्शन टाकलं की सनद समोर येते. लाखो अमेरिकन आपल्या पणजोबांचं शेत तिथे शोधतात, आणि सापडलं की आनंदाने प्रिंट काढून भिंतीवर लावतात. लावावी. पणजोबांनी कष्ट केलेलेच असतात. फक्त त्या फ्रेममधल्या कागदाशेजारी आणखी तीन कागद मनातल्या मनात लावावेत : त्या घराला जोडणारं एखादं पत्र, तिथल्या लोकांकडून घेतलेला एखादा तह, आणि जमलंच तर त्या घरातल्या कुणीतरी बहुमताविरुद्ध लढलेला एखादा खटला. फ्रीमनच्या घराण्यात चारही आहेत. म्हणून त्याची सनद वाचण्यासारखी आहे. तिचा क्रमांक २ असता तरी चाललं असतं.